नाशिकचं ‘साईटसीन’ ठरवणाऱ्यांना एका गाडीवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यातलं पर्यटन, स्मारकं, वनं, खाणी आणि रस्ते ज्यांच्या सहीनं चालतात ते सर्व साहेब आणि मॅडम,

नमस्कार.

मी नाशिकरोडचा. सात सीटची गाडी आहे, टूरिस्ट परमिटची, हप्ते अजून फिटायचे आहेत. स्टेशनवर पार्टी उचलायची, रामकुंड, काळाराम, त्र्यंबक दाखवायचं, जमलं तर वणी, नाहीतर सरळ शिर्डी. बाहेरगावच्या पाहुण्याला नाशिकमध्ये पहिला भेटणारा माणूस बऱ्याचदा आमच्यापैकीच कोणीतरी असतो. तुमची फाईल जिथे संपते तिथून आमचं काम सुरू होतं, म्हणून चार गोष्टी बोलायचा हक्क आहे असं समजतो.

पत्र लिहायला कारण असं घडलं. सिंहस्थाची तयारी म्हणून आम्हा चालकांना एका कार्यालयात बोलावलं होतं. चहा झाला, भाषण झालं, निघताना प्रत्येकाच्या हातात एक गुळगुळीत घडीपत्रक दिलं: ‘पाहुण्यांना हे दाखवा’. आत पंचवटीतली देवळं, त्र्यंबकेश्वर, वणी, दोन वायनरी आणि धरणाचं बॅकवॉटर. लेण्यांचा एक फोटो होता, खाली छापलं होतं ‘पांडवकालीन लेणी’. धोडप किल्ला नाही, अणकाई-टणकाईची किल्ल्यांची जोडी नाही, सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर नाही, नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य नाही. साल्हेरसुद्धा नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यातला आपल्या जिल्ह्यातला एकमेव किल्ला साल्हेर. मी उठून विचारलं, तर उत्तर मिळालं, “तिकडे जातंय कोण? वरपर्यंत रस्ते, रोपवे होऊ द्या, मग टाकू.”

ते उत्तर मला पचलं नाही. ‘तिकडे कोण जातं’ हे एक वेळ चालेल, लोकांना माहीत नाही म्हणून जात नाहीत. पण ‘रस्ता वर गेला की मग बघू’ हे मात्र उलटं आहे. आपल्याकडे बघण्यासारखं जे आहे ते इथल्या दगडामुळे आहे, आणि तुम्ही सुधारणा म्हणून जे आणताय त्यात पहिला घाव त्याच दगडावर बसतो. हे जरा सविस्तर सांगतो.

कसारा घाट चढून इगतपुरीत आलो की जवळजवळ प्रत्येक पार्टी एकच प्रश्न विचारते: “भैया, ये पहाड़ ऊपर से कटे हुए क्यों हैं?” पूर्वी मी सांगायचो, देवाची करणी. पुढे भूगर्भशास्त्र शिकवणारे एक सर पार्टी म्हणून लाभले आणि त्यांनी मागच्या सीटवरून माझी शाळाच घेतली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. शंकूसारखा एखादा ज्वालामुखी नव्हे, लांबच लांब भेगा. लाव्हा पसरला, थंड झाला, त्यावर पुढचा आला. भाकरीच्या चळतीसारखे थर चढत गेले. काही थर घट्ट, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. ठिसूळ थर पावसानं झिजून उतार झाले, घट्ट थर कडे होऊन उभे राहिले. म्हणून आपला डोंगर पायरीपायरीनं चढतो आणि माथ्यावर सपाट असतो. आणि जो लाव्हा भेगेतच अडकून उभा गोठला, त्याच्या आजूबाजूचा दगड झिजून गेल्यावर तो भिंतीसारखा उरला.

धोडप बघा. आग्रा हायवेनं चांदवडकडे जाताना वडाळीभोईच्या अलीकडे-पलीकडे डावीकडे तो दिसतो. माथ्यावर काळी उभी भिंत आणि तिच्यात एक चौकोनी खाच, कुणी मधला तुकडा उचलून नेल्यासारखी. पार्टी खिडकीतून फोटो काढते आणि विचारते, हे कुणी बांधलं? कुणीच नाही. भेगेत गोठलेल्या लाव्ह्याची ती भिंत. त्याच भिंतीच्या खालच्या माचीवर १७६८ मध्ये माधवराव पेशव्यांनी आपल्या काकाला, राघोबादादांना, हरवून ताब्यात घेतलं. एवढी गोष्ट सांगितली की वीस मिनिटांचा फोटो-स्टॉप दोन तासांचा होतो. मनमाडजवळची हडबीची शेंडी रेल्वेतून दिसते, अंगठा वर केल्यासारखी. तिच्याबद्दलही हेच विचारतात.

आता किल्ले. जिल्ह्यात साठच्या घरात किल्ले आहेत ते का? कारण तट बांधायची फारशी गरजच नव्हती. कडा हाच तट. वर जायला एक वाट कोरायची, तिला दरवाजा लावायचा, कातळात पाण्याची टाकी खोदायची, की झाला किल्ला. शहरापासून अर्ध्या तासावरचा रामशेज १६८२ पासून काही वर्षं औरंगजेबाच्या फौजांना दाद देत नव्हता. उंचीनं तो टेकडीत जमा, पण वरचा कडा चारी बाजूंनी ताशीव. साल्हेर तर १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, कळसूबाईनंतरचं दुसऱ्या क्रमांकाचं शिखर. १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानातल्या लढाईत हरवलं ते त्याच्याच पायथ्याशी. इतिहासाची आणि भूगोलाची पुस्तकं शाळेत वेगळी असतात, नाशिकच्या डोंगरावर ती वेगळी करता येत नाहीत. माझ्या तक्रारी याच्यापुढे सुरू होतात.

पहिली तक्रार लेण्यांची.

पाथर्डी फाट्याजवळची पांडवलेणी, म्हणजे त्रिरश्मी डोंगरावरची चोवीस बौद्ध लेणी, ही शहराची सगळ्यात जुनी मालमत्ता. १९ नंबरच्या लेण्यात सातवाहन राजा कृष्णाच्या काळातला लेख आहे आणि त्यात ‘नासिक’ हे नाव आहे. दोन हजार वर्षांहून जुना लेख. माझ्या गाडीच्या मागच्या काचेवर जे गावाचं नाव चिकटवलंय ते तिथे दगडात आहे. किती नाशिककरांनी जाऊन पाहिलं असेल?

१० नंबरच्या लेण्याच्या ओसरीत नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. तो अक्षरशः मुदत ठेवीची पावती आहे. त्यानं ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, भिक्षुसंघासाठी कायमचे ठेवले, गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघटनांकडे. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं. १००० दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी वर्षाला बारा कार्षापण वस्त्रासाठी. सुरतेचे कापडवाले होते गाडीत, त्यांना हे सांगितलं. त्यातल्या म्हाताऱ्या शेठजींनी तिथल्या तिथे बोटांवर मोजलं: महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, भागिले वीस, बरोबर बारा. मग कातळाला हात न लावता, नाक भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवून ते ती अक्षरं बघत उभे राहिले. मुलगा खालून ‘शिर्डीला उशीर होतोय’ म्हणून फोन करत होता, तो त्यांनी दोनदा कापला. त्या लेखात पुढे असंही आहे की हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला आणि दफ्तरात नोंदवला.

आणि साहेब, ३ नंबरचं लेणं तर खास तुमच्यासाठी आहे. दर्शनी खांबांच्या खाली बसकी, धष्टपुष्ट माणसं अख्खं लेणं खांद्यावर तोलून धरतात, ती सगळे पाहतात. ओसरीच्या भिंतीवर छताखाली जे कोरलंय ते कुणी पाहत नाही. तिथे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे सरकारी आदेश आहेत, गोवर्धनच्या अमात्याला, म्हणजे तिथल्या अधिकाऱ्याला, पाठवलेले. राज्याच्या अठराव्या वर्षी भिक्षूंना एक शेत दिलं. चोविसाव्या वर्षी दुसरा आदेश: जे शेत दिलं ते कसलं जात नाही, ते गाव वसलेलं नाही, म्हणून गावाच्या शिवेवरच्या राजाच्या मालकीच्या जमिनीतून शंभर निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) बदलून द्यावीत. शिवाय त्या शेतात सरकारी माणसांनी पाऊल टाकू नये, ही सूटही आहे. म्हणजे दिलेली सोय कागदावरच राहिली हे राजदरबारानं मान्य केलं, दुरुस्त केलं आणि सगळ्यांना दिसेल असं दगडात लिहून ठेवलं. तुमच्या विभागाच्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला रुजू झाल्याच्या दिवशी तिथे उभं करावं असं मला फार वाटतं.

पण उभं राहून वाचणार काय? ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. पायथ्याशी सर्वसाधारण माहिती मिळते, परंतु ज्या भिंतीवर जे लिहिलंय त्याचा मराठी अर्थ त्याच भिंतीसमोर वाचायची सोय नाही. मग पार्टी काय करते? दहा मिनिटांत भीमाची आणि अर्जुनाची खोली शोधते, सेल्फी काढते, खाली उतरते. घडीपत्रकावर तुम्हीच ‘पांडवकालीन’ छापल्यावर त्यांना दोष कशाला द्या.

याला जोडून एक. १९०६ साली गोदाकाठच्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला शिक्का वर मारलेला. हरवलेल्या राजाचा चेहरा न वितळवता त्यावरच आपली मोहोर! लेण्यात जावयाची ठेव, त्याच लेण्यांत जिंकणाऱ्याचे आदेश, आणि काही मैलांवर दोघांची एकत्र नाणी. अंजनेरीला १९८० पासून नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, त्र्यंबकच्या रस्त्यावरच. त्र्यंबकला जाणाऱ्या पार्टीला हे तीन धागे जोडून दाखवले तर एक दिवसाचे दोन दिवस सहज होतात. हे काम आमच्यावर सोडलंय, आणि आम्हाला ते कुणी शिकवलेलं नाही.

दुसरी तक्रार छोटी, पण खरं तर पहिल्या नंबरला हवी होती: बायकांसाठी स्वच्छतागृह. किल्ल्यांच्या पायथ्याला, लेण्यांच्या वाटेवर, जुन्या देवळांजवळ वापरता येईल असं, पाणी असलेलं स्वच्छतागृह क्वचित सापडतं. असलं तर कुलूप. किल्ली कुणाकडे, ते कुणालाच माहीत नसतं. याचा परिणाम मी रोज आरशात बघतो. बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. दुपारी डोकं धरून बसतात आणि म्हणतात, राहू दे तो किल्ला, हॉटेलवर चला. तुमच्या तक्त्यात ही पार्टी ‘किल्ल्यात रस नसलेले पर्यटक’ म्हणून मोजली जात असेल.

तिसरी हरिहरची. फोटोंमुळे हा किल्ला देशभर पोचला. ऐंशी अंशांच्या आसपास चढणाऱ्या कातळकोरीव पायऱ्या, रुंदी एका माणसापुरती, प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंना हात रोवायला खोबणी. पुढे दरवाजा, मग कड्याच्या पोटातून वाकून जायची वाट, आणि पुन्हा पायऱ्या. १८१८ नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कितीतरी किल्ल्यांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या, या वाचल्या. आता पावसाळ्यातल्या रविवारी मुंबई-पुण्याहून रात्री निघालेल्या बसेस पहाटे निरगुडपाडा आणि हर्षेवाडीला उतरतात. चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यावर समोरासमोर येतात. खोबणीत एकाचा हात असतो तेव्हा दुसऱ्यानं कुठे धरायचं? खाली गाड्या लावून आम्ही वर बघत असतो आणि पोटात गोळा येतो.

यावर आजवरचा उपाय एकच: अपघात झाला की बंदीचा आदेश, चार आठवडे पोलीस, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. बंदीनं गर्दी थांबत नाही, आडवाटेनं जाते. आणि बंदीच्या काळात पायथ्याच्या गावातल्या बाईची नागलीची भाकरी आणि पिठलं तेवढं बंद पडतं. बसवाला मुंबईत बुकिंग घेऊन मोकळा झालेला असतो.

चौथी तक्रार रस्त्याची आणि रोपवेची. इथे आमच्या स्टँडवरचे काही मित्र माझ्यावर नाराज होतील. अंजनेरीवर गाडीरस्ता न्यायचा प्रस्ताव मध्यंतरी आला होता, विरोध झाल्यावर बारगळला. ब्रह्मगिरी ते अंजनेरी रोपवेचं काही वर्षं चाललंय. रस्ता वर गेला तर फायदा कुणाचा? पहिला माझा. पार्टी माथ्यापर्यंत न्यायची, जास्त भाडं मागायचं. तरी मी नको म्हणतो.

अंजनेरी म्हणजे हनुमंताचं जन्मस्थान ही लाखोंची श्रद्धा आहे, माझीही आहे. पण त्या पठारावर आणखीही रहिवासी आहेत. कड्यांवर गिधाडं घरटी करतात. पावसाळ्यात पठारावर खर्चुडीच्या कुळातलं एक छोटं फूल येतं, शास्त्रज्ञांनी त्याला नावच सेरोपेजिया अंजनेरिका दिलंय. जगाच्या पाठीवर ते या भागाबाहेर कुठे सापडत नाही. म्हणून तर २०१७ मध्ये या डोंगराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला गेला, आणि तो तुमच्याच सहीनं. पठारावर कातळावरची माती बोट-दोन बोटं जाडीची असते. तिथे टायर एकदा फिरला की पुढच्या पावसात काय उगवणार? खाली गावात यादवकाळातल्या देवळांचा समूह पडून आहे, त्यात जैन मंदिरंही आहेत. ते बघायला ना रोपवे लागतो ना घाटरस्ता. आजच, सपाटीवर, गाडी थांबवली की दिसतं. तरी कुणी थांबत नाही, कारण इथे थांबा असं कुणी सांगतच नाही.

मी सरसकट विरोध करणारा नाही. सप्तशृंगीगडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली चालते, म्हाताऱ्याकोताऱ्यांना देवीचं दर्शन होतं, माझ्या आईलाही झालं. पण वणीच्या गडावर गाव आहे, वस्ती आहे, आधीपासून रस्ता आहे. तिथला न्याय अंजनेरीच्या उघड्या पठाराला लावू नका. ब्रह्मगिरीचंही तसंच. त्या डोंगररांगेच्या एका अंगानं गोदावरी निघते आणि १४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, दुसऱ्या अंगानं वैतरणा अरबी समुद्राकडे जाते आणि वाटेत मुंबईला पाणी पाजते. तिथे पायथ्याला जेसीबी लागतात तेव्हा फक्त देखावा बिघडत नाही. झरे कुठल्या थरातून फुटतात हे आधी बघावं लागतं.

पाचवी खाणींची. रस्ता खडीशिवाय होत नाही हे गाडीवाल्याला शिकवायला नको. पण शहराभोवतीचे डोंगर ज्या वेगानं हायवा डंपरांत भरून चाललेत ते बघवत नाही. विल्होळी, सारूळच्या बाजूला कालपर्यंत ज्या डोंगरावरून आम्ही रस्त्याची खूण सांगायचो, त्याचा एक खांदाच गायब. आणि हा नुसता काळा दगड नाही. लाव्हा थंड होताना आत वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे गरम पाण्यातून स्फटिक जमले: झिओलाईट, अ‍ॅपोफिलाईट. हिरवे, पांढरे, गुलाबी. पांडवलेण्याच्या परिसरातल्या खदानींतून निघालेले असे स्फटिक जगभरच्या संग्राहकांकडे आहेत, लेबलवर नाशिक लिहून. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते बघायला मिळतात, परदेशी पार्टी खास त्यासाठी येते. आपल्याकडे मात्र सुरुंग लागला की स्फटिकासकट सगळं क्रशरला.

संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकाम-खोदकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरवर निर्बंध, हा कायदा २०१० पासून आहे. चांगला आहे. पण जे किल्ले आणि डोंगर कुठल्याच यादीत नाहीत त्यांचं काय? साठातले कितीतरी किल्ले असेच बेवारस आहेत.

आणि उरलेल्या दोन बाबी पटकन. सिन्नरवरून रोज शिर्डीच्या शेकडो गाड्या जातात. गावातच गोंदेश्वर आहे, यादवकाळातलं भूमिज शैलीचं पंचायतन, मधे महादेव आणि चार कोपऱ्यांत चार छोटी देवळं. संध्याकाळचं ऊन पडलं की शिखरावरच्या लहान-लहान शिखरांच्या रांगा मोजाव्याशा वाटतात. हमरस्त्यावर ठळक खूण असती तर शंभरातल्या दहा गाड्या तरी वळल्या असत्या. दुसरं म्हणजे, काही बिघडलेलं दिसलं तर सांगायचं कुणाला? एका किल्ल्यावर टाक्याच्या काठाला कुणी ऑइलपेंटनं नावं लिहीत होतं. मी खाली येऊन फोन लावले. एका ठिकाणी म्हणाले जमीन वनाची, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले वास्तू पुरातत्त्वची, तिसऱ्यानं ग्रामपंचायतीत जायला सांगितलं. तोपर्यंत रंग वाळला होता.

आता मागण्या. यातली एकही आकाशातला चंद्र मागणारी नाही.

१. लेण्यांत, प्रत्येक मोठ्या शिलालेखासमोर, भिंतीला खिळा न मारता उभा करता येईल असा फलक. मराठी, हिंदी, इंग्रजी. लेखात काय आहे ते सोप्या भाषेत. नुसता क्यूआर कोड नको, तिथे रेंज येईलच असं नाही. आणि ‘पांडवकालीन’ हे पुढच्या छपाईतून काढा.

२. धोडप, अणकाई-टणकाई, रामशेज, हरिहर, साल्हेर आणि गोंदेश्वर यांच्या वाटेवर डोंगर कसा झाला आणि इथे काय घडलं हे एकत्र सांगणारा एकेक फलक. किल्ल्याच्या पायथ्याला लावा, माथ्यावर नको.

३. पायथ्याच्या प्रत्येक गावात एक चालू स्वच्छतागृह. चालवायला गावातल्या महिला बचत गटाला द्या, वापराचे पैसे घेऊ द्या. दहा रुपये द्यायला कुठलीच पार्टी कुरकुरत नाही, कुलूप बघून कुरकुरते.

४. हरिहरवर माणसांची मर्यादा आणि वेळेचे गट. चढायची वेळ वेगळी, उतरायची वेगळी. जिन्याखाली आणि वर गावातलेच प्रशिक्षित तरुण, त्यांच्या हातात शिट्टी आणि वॉकीटॉकी. नोंदणी शुल्कातला मोठा हिस्सा दोन्ही गावांना. ट्रेक नेणाऱ्यांनी यादी आधी दिली नसेल तर बस पायथ्याच्या आधीच थांबवा.

५. अंजनेरीच्या पठारावर रस्ता आणि रोपवे दोन्ही नाही, हे लेखी जाहीर करा. त्याऐवजी नाशिकहून पायथ्यापर्यंत नियमित बस द्या. होय, बस. आमचं भाडं थोडं कमी होईल, बघून घेऊ.

६. ज्या डोंगरांना हात लावायचा नाही त्यांची तालुकावार, गट नंबरासहित यादी करा आणि ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. खाणीचा परवाना देताना त्या डोंगरावर लेणं, टाकं, पायऱ्या, जुनी वाट आहे का याची जागेवर जाऊन पाहणी सक्तीची करा. स्फटिक निघाले तर कुणाला कळवायचं तेही परवान्यावर छापा.

७. आम्हा चालकांना आणि पायथ्याच्या गावांतल्या मुलांना प्रशिक्षण द्या. कॉलेजांत भूगोल, इतिहास, वनस्पतिशास्त्राची माणसं बसलेली आहेत, त्यांना घेऊन आम्हाला डोंगरावर फिरवा, परीक्षा घ्या, पास होईल त्याला बिल्ला द्या. नापास झालो तर पुन्हा बसू. सभागृहातलं भाषण नको.

८. सगळ्या खात्यांसाठी मिळून एक फोन नंबर. उचलणारा माणूस ‘हे आमच्याकडे नाही’ असं म्हणू शकणार नाही, अशी व्यवस्था.

सिंहस्थाला येणारा भाविक स्नान करून दुसऱ्या दिवशी निघून जातो. त्यातल्या थोड्यांनी जरी एक मुक्काम वाढवला तरी हॉटेलवाल्यापासून हर्षेवाडीच्या भाकरीपर्यंत सगळ्यांचं भागतं. त्यासाठी नवीन काही उभारावं लागत नाही. फलक, स्वच्छतागृहं आणि प्रशिक्षण ही तीन कामं तरी स्नानाच्या पर्वण्यांआधी होण्यासारखी आहेत. बाकीच्यांसाठी तुम्ही तारीख द्या, पण तारीख द्या.

एवढं वाचून ज्यांना वाटेल की गाडीवाल्याला काय कळतं, त्यांच्यासाठी एक निमंत्रण. कुठल्याही बुधवारी या, त्या दिवशी धंदा कमी असतो. सकाळी सहाला द्वारका चौकात गाडी उभी करतो. लेणी, धोडप, येताना गोंदेश्वर. डिझेल माझं, टोल तुमचा. पाण्याच्या बाटल्या ठेवीन. मॅडम, तुम्ही मात्र घरून निघताना विचार करून पाणी प्या.

आपला,
एक टूरिस्ट गाडीवाला
नाशिकरोड